एका नंबरवर सदतीस खाती: पतसंस्थेच्या पोर्टलसाठी लॉगिन निवडताना

पहिल्या बैठकीत लॉगिनचा विषय पाच मिनिटांत संपला. "ओटीपी ठेवा, सगळीकडे तोच असतो," असं एक संचालक म्हणाले, बाकीच्यांनी माना डोलावल्या, चहा आला. उरलेला सगळा वेळ पोर्टलच्या पहिल्या पानावर कोणाचा फोटो वर आणि कोणाचा खाली यात गेला. मीही वहीत ‘लॉगिन: ओटीपी’ एवढंच लिहून घेतलं. पुढे तोच विषय साडेतीन महिने पुरला.

संस्थेचं नाव सांगत नाही. सांगली जिल्ह्यात द्राक्ष-बेदाण्याच्या पट्ट्यातली एक सहकारी पतसंस्था. मुख्य शाखा, दोन उपशाखा, साधारण ४,२०० सभासद, १४ पिग्मी एजंट आणि ११ कर्मचारी. त्यांना वेबवर चालणारं पोर्टल हवं होतं. सभासदांनी त्यात फक्त बघायचं: ठेवी, कर्जाचा हप्ता, पिग्मीची शिल्लक, व्याजाचा दाखला. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात हलवायची सोय नाही, हे मी पहिल्याच आठवड्यात लेखी घेतलं होतं. आणि तेवढी अक्कल त्या दिवशी सुचली म्हणून पुढचं सगळं निभावलं. एजंट दिवसभराचा भरणा मोबाइलवरून टाकणार. कर्मचारी मात्र जवळजवळ सगळंच करणार, त्यात सभासदाचा मोबाइल नंबर बदलणंही आलं.

काम सुरू करण्याआधी दोन दिवस काउंटरच्या आत खुर्ची टाकून बसलो. त्या दोन दिवसांनी बैठकीतला निर्णय मोडला.

काउंटरच्या आतून

पहिल्या सकाळी एक आजी आल्या. पासबुक दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळलेलं. क्लार्कनं मान वर करून पाहिलं आणि खातं क्रमांक न विचारताच लेजर उघडलं. "काय मावशी, व्याज बघायला आलाय काय?" त्यांचा मोबाइल नंबर काय, असं मी सहज विचारलं. "माझा कुठला? पोराचा हाय, त्यो पुण्याला असतोय." म्हणजे आजींनी गावातून लॉगिन करायचं तर ओटीपी पुण्याला जाणार, पोरगा कंपनीतून तो फोनवर सांगणार, आणि ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ ही आमचीच सूचना आम्हीच पहिल्या दिवसापासून मोडायला लावणार.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत केवायसीच्या तक्त्यावर एक साधी मोजणी चालवली: प्रत्येक मोबाइल नंबरमागे किती खाती, मोठा आकडा वर. दोन, तीन, चार खात्यांचे नंबर पुष्कळ निघणार हे गृहीतच होतं. घरटी एक फोन ही गोष्ट काही नवी नाही. पण यादीच्या टोकाला एक नंबर होता आणि त्याच्यापुढे ३७. व्यवस्थापकांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, परत बघितला. "हा तर आपला बाजारपेठेचा एजंट."

त्यात लबाडी काही नव्हती. खातं उघडताना फॉर्म दुकानाच्या फळीवर ठेवून भरला जातो. भाजीवालीला स्वतःचा नंबर पाठ नसतो, किंवा फोनच नसतो. रकाना रिकामा राहिला तर शाखेतून फॉर्म परत येतो. मग एजंट स्वतःचा नंबर टाकतो आणि म्हणतो, मेसेज आला की मी सांगीन तुला. वर्षानुवर्षं तो सांगतही होता. पण ‘मोबाइल नंबर अधिक ओटीपी’ हे लॉगिन त्या दिवशी चालू केलं असतं, तर ३७ सभासदांची खाती त्या एका माणसाच्या खिशात गेली असती. तीही अशा माणसाच्या, ज्यानं गोळा केलेला पैसा खात्यावर बरोबर चढला की नाही हे तपासायलाच पोर्टल हवं होतं.

यादीत दुसऱ्या क्रमांकावर दहा वेळा नऊ हा नंबर होता. जुनं सॉफ्टवेअर रकाना रिकामा ठेवू देत नव्हतं, क्लार्कनं त्यावर काढलेला तोडगा. तेवढ्या एका सक्तीनं चांगली माहिती यायच्या ऐवजी खोटी माहिती आली होती.

कर्मचाऱ्यांकडची तऱ्हा वेगळी. काउंटरच्या तीन मशीनवर एकच लॉगिन, ‘शाखा’ या नावाचं. दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्ती होती आणि सगळ्यांनी ती पाळली होती: गणपती१, गणपती२, आणि मी गेलो त्या महिन्यात गणपती १९ वर आले होते. सध्याचा आकडा पिग्मी रजिस्टरच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेला. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेनं २०१७ सालीच सांगून ठेवलंय की, पासवर्ड फुटल्याची शंका नसेल तर ठरावीक दिवसांनी तो बदलायला लावू नका; माणसं आकडा वाढवतात, बाकी काही होत नाही. इथं त्याचा पुरावा पेन्सिलीनं लिहून ठेवलेला होता.

मराठी पासवर्डचा मोह

आता एक कबुली. मला काही दिवस वाटत होतं की सभासदांना मराठी शब्दांचा पासवर्ड द्यावा. रोमन अक्षरं, मोठं-लहान अक्षर, एक चिन्ह, एक अंक ही कसरत आजींना कोण शिकवणार? त्यापेक्षा घरातल्या चार वस्तूंची नावं: विळा, पायऱ्या, हंडा, चिंच. लक्षात राहतात, अंदाजानं ओळखायला अवघड. कागदावर कल्पना झकास होती.

चाचणीत दोन ठिकाणी आपटली. पहिलं आपटणं ‘पायऱ्या’ या शब्दावर. ऱ्या मधला तो डोळ्याच्या पापणीसारखा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला आकडा देणाऱ्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत खाली टिंब असलेला वेगळा ‘ऱ’ हा वर्ण आणि हलन्त. दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि पाठोपाठ एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. पण माझ्या फोनच्या कीबोर्डनं एक लिहिलं, शाखेतल्या संगणकानं दुसरं. पासवर्डचा हॅश, म्हणजे साठवून ठेवायचं, उलटं न फिरवता येणारं सांकेतिक रूप, बाइटांवर (अक्षरांमागच्या आकड्यांवर) निघतो, दिसण्यावर नाही, त्यामुळे सभासदानं शब्द न् शब्द बरोबर टाकूनही ‘पासवर्ड चुकीचा आहे’. युनिकोडचं जे प्रमाणीकरण असतं तेसुद्धा ही दोन रूपं एक करत नाही. ते न दिसणारं चिन्ह तसंच राहतं. स्वतःचं गाळणं लिहिता आलं असतं, लिहायला बसलोही होतो. मग वाटलं, आज ऱ्या सापडला, उद्या अजून काय सापडेल.

दुसरं आपटणं जास्त गंमतीचं. बीक्रिप्ट ही हॅश काढायची पद्धत १९९९ पासून आहे आणि अजूनही चांगली समजली जाते, पण ती पासवर्डचे पहिले ७२ बाइटच बघते. इंग्रजीत ७२ बाइट म्हणजे ७२ अक्षरं; एवढा लांब पासवर्ड कोणी ठेवत नाही. देवनागरीत प्रत्येक वर्णाला, मात्रेला, अनुस्वाराला तीन-तीन बाइट लागतात. म्हणजे झाले २४. वरचे चार शब्द मधल्या मोकळ्या जागांसकट ६० बाइटांत बसतात. मी पाचवा शब्द ‘उंबरा’ जोडला तर एकूण ७६ झाले आणि शेपूट कापलं गेलं. आमच्या चाचणीत ‘उंबरा’च्या जागी ‘उंबरी’ लिहिलं तरी दार उघडत होतं. ‘उंबला’ लिहिलं तरीही! आर्गॉन२ सारखी नवी पद्धत घेतली की ही अडचण उरत नाही. पण पापणीच्या र चं काय करायचं हे उरतंच. मराठी पासवर्ड तिथं सोडला. अजूनही मधूनमधून हळहळ वाटते.

बाकीचे पर्याय भराभर निकालात निघाले. गूगलचं खातं वापरून लॉगिन? केवायसीत ईमेलचा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामा. ज्यांचं जीमेल आहे त्यांतल्या अनेकांचं ते मोबाइल घेताना दुकानदारानं काढून दिलेलं, पासवर्ड त्यालाच ठाऊक. ऑथेंटिकेटर ॲपमध्ये दर तीस सेकंदांनी बदलणारा आकडा? फोन बदलला की आकडा गेला, आणि तो नव्या फोनवर न्यायचा असतो हे माझ्या ओळखीच्या इंजिनिअरांनाही हरवल्यावर कळतं.

संचालक मंडळाच्या दुसऱ्या बैठकीत एकांनी "आधार लावा की, अंगठा दिला की झालं" असं सुचवलं. ते आपल्याला वाटेल तसं लावता येत नाही. सप्टेंबर २०१८ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर खाजगी संस्थांनी आधारवरून ओळख पटवण्याला आळा बसला, आणि त्यासाठी कायद्याची चौकट आणि परवानगी लागते, एवढं सांगितल्यावर विषय थांबला. दुसऱ्यांनी विचारलं, "मग कोविनला कसा चालला नुसता ओटीपी?" प्रश्न रास्त होता. कोविनवर पासवर्ड नव्हताच. मोबाइल नंबर आणि ओटीपी, बस्स. पण त्याच कोविनवर एका नंबरवर सुरुवातीला चार जणांची नोंदणी करता येत होती. एक फोन म्हणजे एक माणूस नव्हे, हे तिथंही धरलेलंच होतं. लसीच्या नोंदणीत घरातल्या चौघांनी एकमेकांची तारीख पाहिली तर बिघडत नाही. सासूच्या ठेवीचा आकडा सुनेला आणि सुनेच्या पिग्मीचा सासूला दिसला तर काय होतं, हे मी मंडळाला समजावून सांगायची गरज पडली नाही. तिथं आधी सगळे हसले आणि मग गप्प झाले.

फोन कुठला आणि माणूस कोण

तिथून विचाराला दिशा मिळाली. ओटीपी एवढंच सांगतो की हे सिमकार्ड आत्ता कोणाच्या तरी हातात आहे. माणूस कोण, हे त्याला सांगता येत नाही. मग माणूस ओळखायचं काम दुसऱ्या कशाला तरी द्यायचं. सभासदांसाठी ते सहा आकडी पिनला दिलं. एटीएममुळे पिन ही वस्तू गावात सगळ्यांना माहीत आहे. ‘पासवर्ड’ म्हटलं की चेहरे पडतात, ‘पिन’ म्हटलं की पडत नाहीत.

पण पहिला पिन कोणाला द्यायचा? आणि विसरला तर परत कोण देणार? मोठ्या इंटरनेट कंपन्यांना इथंच घाम फुटतो. त्यांच्याकडे माणूस ओळखणारं कोणी नसतं, म्हणून विसरलेला पासवर्ड ईमेलवर, ईमेलचा पासवर्ड मोबाइलवर, अशी साखळी लागते आणि चोर नेमका तिच्या सगळ्यात कच्च्या कडीला हात घालतो. लॉगिनचं पान कितीही पक्कं करा, ‘पासवर्ड विसरलात?’ ही ओळ कच्ची असेल तर खरं दार तीच. आमच्याकडे मात्र काउंटर होतं. मान वर करून "काय मावशी" म्हणणारा क्लार्क होता, नमुना सही होती, पासबुक होतं. ही सोय फुकट मिळालेली असताना तिला बगल देऊन सगळं ‘ऑनलाइन’ करायचा हट्ट कशाला?

म्हणून असं ठरलं. सभासद एकदा शाखेत येईल, पासबुक दाखवेल, स्वतःच्या तोंडानं नंबर सांगेल आणि सही करेल. क्लार्क छापील चिठ्ठी देईल. तिच्यावरचा आकडा सात दिवस चालेल. घरी त्या आकड्यानं आणि ओटीपीनं पहिलं लॉगिन, मग स्वतःचा पिन. नव्या फोनवरून येताना ओटीपी आणि पिन दोन्ही. ओळखीच्या फोनवर पुढचे ९० दिवस नुसता पिन. एका नंबरवर घरातली चार खाती असली तरी चालतील, प्रत्येकाचा पिन वेगळा. पिन विसरला तर शाखेत यायचं. फोनवरून पिन बदलून मिळणार नाही, कोणालाही नाही.

या शेवटच्या नियमावर खूप वाद झाला. पुण्या-मुंबईतल्या पोरांनी काय दरवेळी गावी यायचं का? माझं म्हणणं, गणपतीला येतात, जत्रेला येतात, तेव्हा करतील. तोवर शिल्लक आईला विचारतील. चेअरमनना सगळे आण्णा म्हणतात. आण्णांनी निकाल दिला: "बघायचंच तर आहे. पैसे काढायचे असते तर वेगळं."

पिन ओटीपीच्या नंतर विचारायचा, आधी नाही, हा क्रमही भांडून ठरला. पिन पाच वेळा चुकला की खातं बंद, हा नियम आवश्यकच. सहा आकड्यांत दहा लाखच शक्यता असतात. पण पिन आधी विचारला तर गावातला कोणीही टवाळ दुसऱ्याचं खातं मुद्दाम पाच वेळा चुकवून बंद पाडू शकतो. ओटीपी आधी असला की निदान त्या घरातला फोन तरी हातात हवा. आणि दहा लाख शक्यता म्हणजे हॅश कितीही चांगला असू दे, डेटाबेस चोरीला गेला तर सगळे पिन एका बैठकीत मोकळे. म्हणून पिनमध्ये एक गुप्त किल्ली मिसळून मग हॅश, आणि ती किल्ली डेटाबेसबाहेर, वेगळ्या जागी.

एसएमएसची कथा वेगळीच. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांमुळे संस्था, तिचं सहा अक्षरी हेडर (मेसेज पाठवणाऱ्याचं नाव) आणि मेसेजचा प्रत्येक नमुना डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या नोंदवहीत, नोंदवावा लागतो. नोंदलेल्या नमुन्याशी मेसेज जुळला नाही तर तो वाटेतच मरतो. ८ मार्च २०२१ ला ही गाळणी कडक लागली तेव्हा देशभर ओटीपी अडकले होते आणि ट्रायला ती सात दिवस थांबवावी लागली होती. आमचा नमुना दोनदा परत आला. तिसऱ्यांदा अडचण लांबीची. इंग्रजी मेसेजला १६० अक्षरं मिळतात, मराठीला ७०, आणि त्यात प्रत्येक काना, मात्रा, हलन्त वेगळा मोजतात. ‘आपला लॉगिन ओटीपी ४८२९१३. कोणालाही सांगू नका.’ एवढ्याला ४४ जातात. उरले २६. नुसतं ‘नागरी सहकारी पतसंस्था मर्यादित’ यालाच ३० लागतात, मूळ नाव तर अजून पुढेच. ७० ओलांडले की दोन मेसेजचे पैसे. "मर्यादित काढून टाकू," मी म्हटलं. व्यवस्थापक म्हणाले, "कायद्यानं मर्यादित लावावंच लागतं." शेवटी गावात ज्या नावानं संस्था ओळखतात ते दोन अक्षरी नाव मेसेजमध्ये गेलं आणि पूर्ण नाव पोर्टलवर राहिलं.

ओटीपीच्या पानावर आणखी एक काळजी घ्यावी लागते: कोणी यंत्रानं हजारो वेळा ते बटण दाबलं तर बिल संस्थेला. दहा मिनिटांत एका नंबरला तीनच. आयपी पत्त्यावर, म्हणजे फोनच्या इंटरनेटवरच्या पत्त्यावर, मात्र घट्ट बंधन घालू नये, कारण मोबाइल कंपन्यांच्या जाळ्यात शेकडो ग्राहक एकाच पत्त्यामागे असतात. एकाला अडवायला जाल आणि अख्ख्या बाजाराला अडवाल. आणि नंबर नोंदलेला असो वा नसो, पडद्यावर उत्तर एकच: ‘हा नंबर नोंदलेला असल्यास ओटीपी येईल.’ नाहीतर कोण सभासद आहे आणि कोण नाही, याची यादी कोणालाही काढता येते.

तिजोरीच्या किल्ल्या

कर्मचारी आणि एजंट यांच्यासाठी ओटीपी मी सरळ नको म्हटलं. सभासदाचं लॉगिन फुटलं तर एका खात्याची शिल्लक दिसते. क्लार्कचं फुटलं तर चोर मोबाइल नंबर बदलतो आणि मग सगळीच खाती त्याची.

कर्मचाऱ्यांना यूएसबीची सुरक्षा किल्ली दिली. मशीनला लावायची, तिचा स्वतःचा पिन टाकायचा, बोटानं स्पर्श करायचा, लॉगिन झालं. यामागचं तंत्र, वेबऑथन, मार्च २०१९ मध्ये वेबचं अधिकृत मानक झालं. त्यात गुपित किल्लीबाहेर जातच नाही. सर्व्हर एक आकडा पाठवतो, किल्ली त्यावर सही करून परत देते. आणि सही करण्याआधी ब्राउझर साइटचा पत्ता तपासतो, त्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर ती चालत नाही. क्लार्क फसला तरी किल्ली फसत नाही. किल्लीचा पिन सलग आठ वेळा चुकला की ती अडून बसते आणि पुन्हा कोरी करावी लागते.

प्रत्येकाला दोन किल्ल्या: एक गळ्यात, दुसरी सही केलेल्या पाकिटात तिजोरीमध्ये. मंडळाला खर्च टोचला. पण समजावून सांगायला फारसा वेळ लागला नाही, कारण पतसंस्थेतल्या माणसांना किल्ली कळते. रोख रकमेची तिजोरी दोन किल्ल्यांशिवाय उघडत नाही, एक व्यवस्थापकांकडे, एक कॅशियरकडे. तोच रिवाज पोर्टलमध्ये आणला: सभासदाचा नंबर बदलायचा तर एका क्लार्कनं भरायचं आणि दुसऱ्या कोणी स्वतःच्या किल्लीनं मान्य करायचं. ‘शाखा’ हे सामाईक लॉगिन त्या दिवशी कायमचं गेलं.

एजंटांकडे स्वतःचे अँड्रॉइड फोन होते, म्हणून त्यांना पासकी. तंत्र तेच, फक्त किल्लीच्या जागी फोन. बोट लावायचं, नाहीतर फोनचा लॉक उघडायचा. सकाळी एकदा लॉगिन केलं की दिवसभर भरणा टाकता येतो, आणि संध्याकाळी हिशोब बंद करताना परत बोट. सेशनची, म्हणजे कोण लॉगिन करून आत आहे याची, नोंद सर्व्हरवरच ठेवली. माझा सहकारी जेडब्ल्यूटी वापरू म्हणत होता, म्हणजे सही केलेलं टोकन फोनमध्येच राहील आणि सर्व्हरला काही आठवावं लागणार नाही. पण मिरज स्टेशनवर फोन चोरीला गेला असं एजंटनं कळवलं, तर त्या क्षणी त्याचं लॉगिन तोडता आलं पाहिजे. मुदत संपेपर्यंत चालत राहणारं टोकन तिथं कामाचं नाही.

इथं एक चूक माझी. घाईघाईत सहा एजंटांच्या पासकी चाचणीच्या पत्त्यावर, म्हणजे माझ्याच होस्टिंगच्या नावावर नोंदवून घेतल्या. पंधरा दिवसांनी संस्थेचं स्वतःचं डोमेन आलं आणि सहाही जणांची बोटं बंद पडली. पासकी पत्त्याला बांधलेली असते, हे मी वर कौतुकानं सांगितलंच आहे. त्याच गुणानं मला आडवं केलं. भर उन्हात सहा दुकानं-घरं फिरून परत नोंदणी केली.

चालू झाल्यावर

सगळ्यात कठीण प्रसंग तंत्राचा नव्हता. बाजारपेठेच्या त्या एजंटला सांगायचं होतं की त्याच्या नंबरवरची ३७ खाती पोर्टलवर गोठवलीत, सभासद शाखेत येऊन स्वतःचा नंबर देईपर्यंत उघडणार नाहीत. तो उभ्या उभ्या पेटला. "एकवीस वर्षं पिग्मी गोळा करतोय साहेब. मी काय चोर हाय?" त्याचं दुखणं खरं होतं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. आण्णांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि स्वतःच्या घरच्यांची यादी पुढे सरकवली. आण्णांच्या नंबरवर सात खाती होती: बायको, बहीण, दोन सुना, नातवंडं. "माझीबी गोठवलीत. उद्या सगळ्यांना घेऊन लायनीत उभारतो." दुसऱ्या दिवशी खरंच आले. नंतरच्या तीन आठवड्यांत त्या एजंटनंच बाजारातल्या बायका दोन-दोन, तीन-तीन करून शाखेत आणल्या.

चौथ्या महिन्यात परराज्यातून एक फोन आला: तुमच्या संस्थेचे ओटीपी मला का येतात? शोधल्यावर कळलं, सभासदानं रिचार्ज करणं सोडलं होतं आणि तो नंबर दुसऱ्या कोणाला मिळाला होता. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर पुन्हा वाटता येतो. सभासद जुन्याच नंबरनं लॉगिनचा प्रयत्न करत होता. नुसता ओटीपी असता, तर त्या अनोळखी माणसाला उत्सुकतेपोटी आत शिरणं जमलं असतं. पिन नसल्यानं तो दारातच राहिला. त्यानंतर सहा महिने लॉगिन न झालेल्या नंबरांवर ओटीपी पाठवणंच थांबवलं.

दोन किल्ल्यांच्या नियमाला मात्र भगदाड पडलं. नोंदी चाळताना दिसलं की एका दुपारी नऊ नंबर बदललेत आणि प्रत्येक वेळी भरणं आणि मान्यता यांत अकरा-बारा सेकंदांचं अंतर, तेही एकाच मशीनवर. उपशाखेतला कॅशियर लग्नाला गेला होता आणि जाताना किल्ली पिनसकट शेजारच्या टेबलावर ठेवून गेला होता. नऊही बदल खरे निघाले. आता दोन्ही कामं एकाच मशीनवरून होत नाहीत असं केलंय. व्यवस्थापक हसून म्हणाले, "दोन मशीन शेजारी-शेजारीच आहेत की."

पैसे पाठवायची सोय कधी देणार, हा प्रश्न आता दर बैठकीत येतो. आला की मी पहिल्या आठवड्यातला तो लेखी कागद काढतो. त्या दिवशी सभासदांचं लॉगिन मुळापासून पुन्हा ठरवावं लागेल.

गेल्या महिन्यात एका क्लार्कनं वेगळंच विचारलं. एक सभासद जाऊन दोन महिने झालेत, मृत्यूचा दाखला अजून शाखेत आलेला नाही, आणि त्यांच्या खात्यावर दर एक तारखेला लॉगिन होतंय. फोन ओळखीचा, पिन पहिल्या फटक्यात बरोबर. "काकू बघत असतील," क्लार्क म्हणाला. "बंद करू का?" दाखला येईपर्यंत थांब, असं मी सांगितलं.